तोंडावळा एक, गोत वेगळं

नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर दोन नावं सतत कानावर येतात : दावण्या आणि भुरी. भुरीची करडी-पांढरी पूड पानावर पसरते. दावण्याचा आधी पिवळसर तेलकट डाग पडतो. पान उलटं केलं की नेमकी त्याच जागी पांढरी लव दिसते. बागेत दोघांनाही बुरशीच म्हणतात आणि दुकानात दोघांवरचं औषध बुरशीनाशक म्हणूनच मिळतं. जीवशास्त्राच्या लेखी मात्र बुरशी एकटी भुरी.

दावण्याचा जीव प्लास्मोपारा व्हिटिकोला. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तीत काइटिन असतं, झुरळाच्या कवचात असतं तेच. याच्या भित्तीत सेल्युलोज. पान ओलं असलं की याच्या बीजाणुधानीतून दोन कशाभिका असलेले चलबीजाणू बाहेर पडतात आणि पाण्याच्या पातळ थरातून चक्क पोहत पर्णरंध्र गाठतात. अवकाळी पाऊस झाला की पान किती तास ओलं राहिलं, याची बागायतदाराला धास्ती असते ती यामुळे. भुरीला पानावर पाणी लागत नाही, दमट हवा पुरते. नात्यानं पाहिलं तर दावण्या समुद्रातल्या तपकिरी शैवालांच्या आणि डायाटमच्या गोतातला. तंतू पसरायचे, बीजाणू सोडायचे, दुसऱ्याच्या अंगात शिरून अन्न शोषायचं, ही बुरशीची रीत त्याच्या घराण्यानं स्वतंत्रपणे कमावली.

आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाटा नासवणारा फायटोफ्थोराही याच गोतातला. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली. रोगाला जबाबदार कोण यावर तेव्हा वाद झाले. बर्कली या पाद्र्यानं 1846 मध्ये बुरशीकडे बोट दाखवलं. कूळ चुकलं, पण गुन्हेगार बरोबर पकडला!

मग कुळाची उठाठेव हवी कशाला? फ्रान्समध्ये तर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण चोरांना घाबरवायला रस्त्याकडेच्या वेलींवर मारत. त्या वेलींची पानं टिकली, हे वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांच्या नजरेस आलं आणि 1885 मध्ये त्यांनी तो उपाय जाहीर केला. तांब्याला कूळ विचारावं लागत नाही. नव्या औषधांना लागतं. ट्रायझोल गटातलं हेक्साकोनॅझोल बुरशीची अर्गोस्टेरॉल तयार करण्याची वाट अडवतं. भुरी त्यानं हटते. दावण्या असलं स्टेरॉल मुळात बनवतच नाही, तेव्हा त्याच्यावर ते मारणं म्हणजे पैसे पाण्यात. मेटॅलॅक्झिलचं नेमकं उलट : दावण्यावर चालतं, भुरीवर नाही.

शाळेच्या पुस्तकात दावण्याच्या कुळाला प्रोटिस्टात बसवता येतं. हेकेलनं 1866 मध्ये काढलेलं आणि व्हिटेकरच्या 1969 च्या पाच सृष्टींत कायम राहिलेलं हे नाव. पण ही सृष्टी कसली, अडगळीची खोली आहे! पेशीत केंद्रक आहे, पण वनस्पती नाही, प्राणी नाही, कवक नाही, असं जे जे उरलं ते इथे. अमिबा, मलेरियाचा प्लास्मोडियम, समुद्रातला लांबलचक केल्प यांना एकत्र बांधणारा असा एकही पूर्वज नाही, ज्याचे वंशज फक्त तेच आहेत. सोय म्हणून हे नाव वापरायला माझी हरकत नाही. मात्र ही सोय आहे, कूळ नव्हे, हे आठवीच्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

कवकांची गंमत याहून मोठी. वर्षानुवर्षं ती वनस्पतिशास्त्राच्या खात्यात जमा होती. रेण्वीय पुराव्यांनी 1990 च्या दशकात दाखवलं की ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना, म्हणजे आपल्याला, जवळची आहेत. हे सोयरपण महागात पडतं. जिवाणूची पेशी आपल्याहून इतकी निराळी, की तिच्यावर मारा करायला जागा पुष्कळ. बुरशीच्या पेशीत मात्र आपल्यासारखंच बरंच काही. 2021 मध्ये काळी बुरशी म्हणून घराघरांत माहीत झालेल्या म्युकरमायकोसिसवर ॲम्फोटेरिसिन-बी द्यावं लागे. ते बुरशीच्या पटलातल्या अर्गोस्टेरॉलला धरतं. पण आपलं कोलेस्टेरॉल त्याच्याच जातीचं, थोडंफार तेही सापडतं. त्यामुळे हे औषध चालू असताना मूत्रपिंडाला इजा होत नाही ना, हे पाहायला क्रिएटिनिन वारंवार तपासत राहावं लागतं.