कालनिर्णयातल्या पेन्सिलीच्या नोंदी

आईनं 2020चं कालनिर्णय अजून रद्दीत दिलेलं नाही. स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला, नंतरच्या सगळ्या वर्षांच्या खाली ते लटकलेलं आहे. आमचं घर इंदूरच्या कृष्णपुऱ्यात, होळकरांच्या छत्र्यांपासून हाकेच्या अंतरावर. सकाळी दत्ताच्या देवळातली घंटा ऐकू येते. त्या कालनिर्णयात फेब्रुवारीपर्यंत नेहमीच्या नोंदी आहेत: दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, मोलकरणीला दिलेली उचल. मार्चच्या शेवटापासून दूध आणि सिलिंडर मागे पडतात आणि त्या चौकटींत सरकार शिरतं.

25 मार्च, गुढीपाडवा. लाल अक्षरांखाली पेन्सिलीनं लिहिलंय: ‘गाठी मिळाल्या नाहीत. 21 दिवस.’ मग 14 एप्रिलच्या चौकटीत ‘उघडणार’. 3 मेच्या चौकटीत ‘उघडणार’. 17 मेला तोच शब्द, पुढे प्रश्नचिन्ह. 31 मेला दोन प्रश्नचिन्हं.

टाळेबंदीच्या काळातल्या सरकारी बोलण्याबद्दल लोक का वैतागले, यावर गेल्या काही वर्षांत बरंच लिहून झालंय. निर्बंध फार कडक होते, असं कोणी म्हणतं. लोकांना शिस्त नव्हती, असं कोणी म्हणतं. मला मात्र दर वेळी आईची ती प्रश्नचिन्हं आठवतात. ती कधी विनाकारण उंबऱ्याबाहेर पडली नाही. मास्क तिनं घरीच शिवले. तिची तक्रार बंदीबद्दल नव्हतीच. तिला काही विचारायचं होतं आणि विचारायला समोर कोणी नव्हतं. आवाज सगळीकडून येत होता: टीव्हीवरून, फोनच्या रिंगआधी ऐकू येणाऱ्या खोकल्यातून, पोलिसांच्या गाडीवरच्या भोंग्यातून. त्यातल्या एकाही आवाजाला कान नव्हते.

24 मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधान बोलले आणि रात्री बारापासून देश बंद झाला. मध्ये चार तास. त्याच आठवड्यात न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी 21 मार्चला चार पायऱ्यांची सूचनापद्धत लोकांना समजावून सांगितली, 23 तारखेला तिसरी पायरी जाहीर केली आणि चौथीवर, म्हणजे पूर्ण बंदवर, देश दोन दिवसांनी गेला. तो देश लहान आहे, ही तुलना पुरती न्याय्य नाही, हे मला मान्य आहे. तरी कोणत्या पायरीवर काय बंद होणार हे तिथल्या माणसाला आधीच ठाऊक होतं. आमच्या गल्लीत त्या रात्री साडेआठला किराण्याच्या दुकानापुढे जी रांग लागली, ती अंतर सोडून उभी राहिलेली नव्हती. ‘घराबाहेर पडू नका’ हे सांगितलं गेलं. दूध, औषध, भाजी मिळत राहील हे लोकांच्या मनावर ठसलं नाही. लोक भीतीनं बाहेर पडले आणि भीतीनंच एकमेकांना चिकटून उभे राहिले.

त्या वेळी मध्य प्रदेशात सरकारच नुकतं बदललं होतं. कमलनाथांनी 20 मार्चला राजीनामा दिला, शिवराजसिंह चौहान यांचा शपथविधी 23 मार्चच्या रात्री झाला, आणि पहिले पाच मंत्री आले ते 21 एप्रिलला. म्हणजे इंदूर देशातल्या सर्वांत बिकट शहरांत गणलं जात असताना जवळजवळ महिनाभर राज्याला स्वतंत्र आरोग्यमंत्री नव्हता. मार्चच्या अखेरीस जिल्हाधिकारी बदलले आणि 30 मार्चपासून तीन दिवस किराणा-भाजीची दुकानंसुद्धा बंद झाली. कारण खरं होतं, रोग झपाट्यानं पसरत होता. पण आठवड्यापूर्वी ‘जीवनावश्यक वस्तू मिळतील’ असं ऐकलेल्या माणसानं या दोन वाक्यांची सांगड कशी घालायची, हे कुणी समजावून सांगितलं नाही.

त्याआधीचा रविवार, 22 मार्च, इंदूरकरांच्या अंगावर अजून शहारा आणतो. जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी पाचला राजवाड्यावर माणसांची झुंबड उडाली. थाळ्या, शंख, झेंडे, मोटारसायकलींचे भोंगे. त्याच्या चित्रफिती देशभर फिरल्या आणि आमची नाचक्की झाली. मलाही लाज वाटली. पण राजवाड्याच्या सावलीत आयुष्य काढलेल्या माणसाला त्यातलं एक नक्की कळतं. या शहरात भारतानं क्रिकेटचा सामना जिंकला की लोक राजवाड्यावर धावतात. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, तिथेच येते. आनंदाचा आवाज करायची आमची जागा ठरलेली आहे. पंतप्रधानांनी दारात, खिडकीत उभं राहून आरोग्यसेवकांचे आभार माना असं सांगितलं होतं. वाटेत फोनवरून त्यात दुसरंच मिसळलं: चौदा तासांत विषाणू मरतो, टाळ्यांच्या कंपनांनी मरतो. हे खोटं असल्याचा सरकारी खुलासा आला, पण तो ज्यांच्याकडे फोनमधून मूळ अफवा पोचली त्यांच्यापर्यंत पोचला का? संध्याकाळी पाच वाजता शहरानं जे ऐकलं ते ‘आपण जिंकलो’ असं होतं, आणि जिंकल्यावर इंदूर जिथे जातं तिथे ते गेलं. सांगणाऱ्यानं वेळ सांगितली, वाद्यं सांगितली. ऐकणाऱ्याच्या गावात त्या वाद्यांचा अर्थ काय होतो, याचा विचार मात्र कुणी केला नाही.

दहाच दिवसांनी, 1 एप्रिलला, टाटपट्टी बाखल या वस्तीत तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या. त्या दगडांना कसलंही समर्थन नाही, आणि त्या दोघी दुसऱ्याच दिवशी पुन्हा त्याच वस्तीत कामाला गेल्या, हे प्रत्येक इंदूरकरानं मान खाली घालून लक्षात ठेवावं असं आहे. पण दगडांच्या आधी तिथे एक अफवा पोचली होती: धडधाकट माणसांना उचलून नेतात आणि सुया टोचून मारतात. ती अफवा ज्या पोकळीत शिरली ती पोकळी आधीपासून तिथे होती. नेलेल्या माणसाला कुठे ठेवलंय, तो कसा आहे, परत कधी येणार, हे घरच्यांना सांगणारं कोणी असतं, तर अफवेला इतकी मोकळी जागा मिळाली असती का?

याच शहरानं हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सोडवला होता, म्हणून मला जास्त वाईट वाटतं. दिवाळी अंकात लिहितोय, तेव्हा ती दिवाळीचीच गोष्ट सांगतो. 1917 साली तुकोजीराव तिसरे यांच्या दरबारानं पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला इंदूरचा आराखडा करायला बोलावलं. त्याचा दोन खंडांचा अहवाल 1918 साली निघाला. आमच्या घरामागून वाहणाऱ्या खान नदीचे काठ स्वच्छ करून बागा कराव्यात, हे त्यात आहे. तेव्हा गावात प्लेगची दहशत होती. नकाशे घेऊन गल्लीबोळांत फिरताना लोक आपल्याकडे बोट दाखवून काहीतरी कुजबुजतात, हे गेडिसच्या लक्षात आलं. चौकशी केल्यावर कळलं की लोक त्याला ‘प्लेग आणणारा म्हातारा साहेब’ म्हणतात. तो ज्या घराकडे पाहतो ते घर पाडलं जाणार, अशी समजूत झाली होती. शंभर वर्षांनी टाटपट्टी बाखलमध्ये जे झालं त्याचंच हे जुनं रूप.

गेडिसनं काय केलं? लोकांना अडाणी म्हटलं नाही आणि भिंतीवर आणखी एक नोटीसही चिकटवली नाही. त्यानं एका दिवसापुरता राजा होण्याची परवानगी मागितली आणि दिवाळीची मिरवणूक काढायची ठरवली. मिरवणुकीचा ठरलेला मार्ग मोडला. ज्या मोहल्ल्यात सर्वांत जास्त घरं झाडून-सारवून, दुरुस्त करून तयार होतील, तिथून मिरवणूक जाईल असं जाहीर केलं. कचरा फुकट उचलून नेण्याची सोय केली. घराघरात साफसफाई सुरू झाली, कारण मिरवणूक आपल्या दारावरून जावी असं कुणाला वाटत नाही? त्या दिवशी हत्ती-घोडे तर होतेच, पण घाणीचे राक्षस आणि प्लेगचा भला मोठा उंदीरही मिरवत नेले आणि शेवटी रावणासारखे जाळले. शहरातले सफाई कामगार स्वच्छ पांढरे कपडे, हार आणि नव्या झाडूंसह मानानं चालले. लोकांना तुळशीची रोपं वाटली.

मला यातली मिरवणूक तेवढी महत्त्वाची वाटत नाही. महत्त्वाचं हे की तो आधी ऐकायला गेला. आपल्याबद्दल लोक काय बोलतात हे त्यानं विचारलं, ऐकून घेतलं आणि मग तोंड उघडलं. तेही इंदूरच्या भाषेत, दिवाळीच्या भाषेत.

गेडिसच्या आधी वीस वर्षं पुण्यात उलटं घडलं होतं. 1897चा साथरोग कायदा त्याच प्लेगसाठी झाला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, आणि 22 जूनच्या रात्री त्याचा शेवट कसा झाला हे मराठी माणसाला नव्यानं सांगायला नको. 2020 साली आपण हाच कायदा पुन्हा वापरला. अगदी आटोपशीर कायदा आहे. सरकारला हवे ते हुकूम काढता येतात, न मानणाऱ्याला तेव्हाच्या दंडसंहितेच्या 188 कलमाखाली शिक्षा होत असे, आणि हुकूम अमलात आणणाऱ्याला संरक्षण मिळतं. कारण सांगितलं पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी परक्या सरकारला कारण सांगायची गरज वाटली नाही, हे समजू शकतं. आपल्या सरकारांनाही ती उणीव जाणवली नाही, हे मला सलतं.

महाराष्ट्रातले आमचे नातेवाईक तेव्हा म्हणायचे, आमचे मुख्यमंत्री निदान शांतपणे बोलतात. ते खरंही होतं. पण 4 एप्रिल 2021ला ‘ब्रेक द चेन’ची घोषणा झाली, दुकानदारांनी शनिवार-रविवार बंद असं समजून घेतलं, आणि प्रत्यक्षात अत्यावश्यक सोडून सगळी दुकानं महिनाअखेरपर्यंत बंद निघाली. मुंबई-पुण्याचे व्यापारी रस्त्यावर आले. मग 3 जूनला मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी अठरा जिल्हे पूर्ण उघडणार असं सांगितलं, आणि काही तासांत सरकारनंच असा निर्णय झालेला नाही असा खुलासा केला. पाच स्तरांचा खरा आदेश दुसऱ्या रात्री निघाला. माझ्या मामेभावाचं कापडाचं दुकान आहे. दोन दिवसांत त्यानं कामावरच्या पोरांना तीनदा फोन केले: या, नका येऊ, थांबा. त्याचा सूर कसा नरम होता याचा त्या पोरांना काय उपयोग?

शब्द आणि वस्तुस्थिती यांची फारकत झाली की माणूस सगळ्यात जास्त चिडतो. मे 2021मध्ये फोन लावला की लस घ्या असा आवाज यायचा आणि केंद्रावर लस नसायची. 13 मेला दिल्ली उच्च न्यायालयानंच सरकारला सुनावलं: लस पुरेशी नसताना हा वैतागवाणा संदेश लोकांना का ऐकवता? आमच्याकडे त्याच महिन्यात ‘लॉकडाउन’ या शब्दाऐवजी ‘कोरोना कर्फ्यू’ म्हणायचं ठरलेलं होतं. 21 मेपासून किराणा-भाजीही बंद झाली, तेव्हा सत्ताधारी पक्षातूनच जाहीर विरोध झाला. नाव बदललं म्हणून बंद दुकानाचं शटर उघडत नाही, हे लहान मुलालाही कळतं. लोकांना हे कळत नाही असं वरच्यांना वाटावं, याचा राग जास्त टिकतो.

मी स्वतः एकदा मदतीच्या एका क्रमांकावर फोन केला होता. शेजारच्या काकूंचं डायलिसिस होतं आणि वाटेतला पूल पार करायला पास लागणार का, एवढंच विचारायचं होतं. पंचवीस मिनिटं हात धुवायच्या सूचना ऐकल्या. मग फोन बंद झाला. काकूंना मी तसाच स्कूटरवर घेऊन गेलो. नाक्यावरच्या हवालदारानं फाइल पाहिली आणि हातानं ‘जा’ अशी खूण केली. तो माणूस समोर होता म्हणून प्रश्न सुटला.

इंदूरनं एक गोष्ट मात्र चांगली केली आणि ती फारशी कुणी लिहीत नाही. 2017पासून अनेक वर्षं आमचं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, ते भिंतींवरच्या घोषणांमुळे नव्हे. रोज सकाळी दाराशी गाडी येते, आणि ओला-सुका कचरा एकत्र दिला तर गाडीवरचा माणूस बादली परत करतो, का ते सांगतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. एप्रिल 2020मध्ये महापालिकेनं याच गाड्यांबरोबर घरोघरच्या किराण्याच्या याद्या गोळा करायला सुरुवात केली. यादी द्यायची, सामान घरपोच यायचं. उशीर व्हायचा, भाव वर-खाली व्हायचे, कधी तूरडाळीच्या जागी मसूर यायची. पण आमच्या गल्लीचा आवाज त्या आठवड्यात खाली आला. अफवाही कमी झाल्या, कारण गाडीवाल्याला विचारता यायचं. गेडिसच्या मिरवणुकीत मानानं चालले त्यांचेच हे वारसदार.

आईनं पहिली यादी मराठीत लिहिली, मग आठवलं म्हणून फाडून हिंदीत लिहिली. मी वरच्या खिडकीत होतो. खाली निळा मास्क लावलेला विशीतला पोरगा ती यादी एकेक ओळ मोठ्यानं वाचून पडताळत होता: आटा, तेल, चायपत्ती. एका ओळीवर थांबला, वर बघितलं.

“अम्माजी, गुड़ नहीं मिला तो शक्कर ले आऊँ?”

आई क्षणभर बोललीच नाही. मग हो म्हणाली, आणि किती, तेही सांगितलं. त्या दिवशीची कालनिर्णयातली नोंद आहे: ‘यादी दिली. गूळ नसल्यास साखर, एक किलो. मुलगा उद्या येतो म्हणाला.’ त्यापुढे प्रश्नचिन्ह नाही.