गाणं आत, गाणारा बाहेर

एखादं गाणं आपल्याला मनापासून आवडलं, तर ते गाणाऱ्याचं आपण काही देणं लागतो का? तिकीट काढलं, सीडी विकत घेतली, टाळ्या वाजवल्या, हिशेब मिटला, असं बरेचजण म्हणतील. आयटी क्षेत्रातल्या माझ्यासारख्या माणसालाही व्यवहार वेळच्या वेळी 'क्लोज' झालेला आवडतो. पण काही गाण्यांच्या बाबतीत हा हिशेब इतक्या सहज मिटत नाही.

एम.एस. करण्यासाठी अमेरिकेच्या दक्षिण भागात होतो, तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताची गोडी लागली. ढोबळमानाने सांगायचं तर ब्लूज शनिवारी रात्रीचं, गॉस्पेल रविवारी सकाळी चर्चमधलं, आणि दोन्हींच्या संगमातून आलं ते सोल. फडावरची लावणी आणि देवळातलं भजन एकाच गळ्यातून यावं, तसं काहीसं.

सॅम कुक हा असाच गळा. १९३१ साली मिसिसिपीत एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेला. 'सोल स्टिरर्स' या गॉस्पेल गटात गाऊन तो नावारूपाला आला आणि १९५७ पासून प्रेमगीतं गाऊन देशभर गाजला. पण ऑक्टोबर १९६३ मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट शहरात एका हॉटेलने त्याला खोली नाकारली. त्याने जाब विचारला, तेव्हा शांतताभंगाच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. त्याचा आवाज घराघरांतल्या रेडिओवर चालत होता. त्याने तिथे मुक्काम केलेला मात्र चालत नव्हता.

हे वाचून अमेरिकेला नावं ठेवायची घाई नको. आपल्या चोखोबांची समाधी कुठे आहे? पंढरपूरच्या महाद्वारात, नामदेव पायरीच्या समोर. चौदाव्या शतकातल्या या संताचे अभंग वारकऱ्यांच्या ओठांवर राहिले, पण त्यांच्या जातीच्या माणसांना विठ्ठलाच्या देवळात जायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. शब्द आत गेले, माणसं सहाशे वर्षं बाहेर राहिली.

आता थोडं आपल्या सौदीतल्या घराकडे वळू. 'फॅमिली' आणि 'बॅचलर' हे इथले दोन वर्ग आपल्या अंगवळणी पडले आहेत. गंमत अशी, की बीड-उस्मानाबादकडचा, दोन मुलांचा बाप असलेला वेल्डरही इथे बॅचलरच! कारण कुटुंबाला आणण्याइतका त्याचा पगार नाही. इथल्याच एका स्नेहसंमेलनाच्या बैठकीत असा एक लेबर कॅम्पमधला गायक सुचवला गेला. पोवाडा आणि गोंधळ गावा तर त्यानेच. सर्वांना नाव पसंत पडलं. मग ठरलं, की साडेसातला त्याचा कार्यक्रम आणि जेवणाआधी गाडीने त्याला परत सोडायचं, कारण जेवण 'फॅमिलीसाठी' आहे. त्यात कुणाचाही दुष्टावा नव्हता. खुर्च्यांचा हिशेब होता, केटररचा हिशेब होता. एका वहिनींनी फक्त एवढंच विचारलं, "अहो, पण ते जेवणार कुठे?" दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग पाच ताटं वाढवली गेली, त्याचं आणि त्याच्या साथीदारांची.

कुणी म्हणेल, कलेचा आस्वाद घेताना हे सगळं कशाला? सूर हा सूर असतो. बरोबर आहे. दुःख न भोगलेल्या माणसाने दुःखाचं गाणं ऐकूच नये, असं मी म्हणत नाही. तसं असतं तर चोखोबांचे अभंग आपल्यापैकी किती जणांना म्हणता आले असते? आपल्या अनुभवापलीकडे जाऊन ऐकता येतं, हीच तर गाण्याची थोरवी. पण म्हणूनच प्रश्न उरतो. ज्याच्या वेदनेतून आपल्याला आनंद मिळाला, त्याला आपल्या पंगतीत जागा नसेल, तर आपण त्याचं गाणं ऐकलं की नुसतं वापरलं?

हे देणं फेडता येतं का? ब्लूजची सम्राज्ञी म्हटली गेलेली बेसी स्मिथ १९३७ साली मोटार अपघातात गेली. तिच्या अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले, पण पुढची ३३ वर्षं तिच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. १९७० मध्ये तो दोघींनी मिळून बसवला. एक गोरी गायिका जॅनिस जॉप्लिन, जी बेसीला आपली गुरू मानत असे, आणि दुसरी वॉनिटा ग्रीन, जिने लहानपणी बेसीच्या घरी काम केलं होतं. उशीर झालाच होता, पण गाण्याचं देणं असतं हे त्या दोघींनी मानलं.

आपल्याला एवढी वाट पाहायची गरज नाही. आपले गाणारे हयात आहेत, अर्ध्या तासाच्या अंतरावर कॅम्पमध्ये राहताहेत. पुढच्या कार्यक्रमाचं पत्रक काढताना 'फक्त फॅमिलीसाठी' ही ओळ लिहिण्यापूर्वी समितीने फॅमिली या शब्दाचा अर्थ एकदा ठरवावा, एवढीच विनंती.