दयेचे पथ्य

भुकेल्यास अन्न द्यावे, तान्हेल्यास पाणी द्यावे, हे आम्हां कोणास नव्याने शिकवावे लागत नाही. वारीच्या वाटेवर गावोगावची माणसे भाकरीच्या टोपल्या घेऊन उभी असतात, ती काही कोणाचे व्याख्यान ऐकून नव्हे. परंतु भुकेला जीवच असा असला, की त्याचे अन्न म्हणजे दुसऱ्या जीवाचा प्राण, तर माळकऱ्याने काय करावे? ही शंका आम्ही हौसेने उकरून काढलेली नाही. एका वृद्ध वारकरी गृहस्थांनी ती आमच्यापुढे ठेवली, आणि तिने कित्येक दिवस आम्हांस स्वस्थ बसू दिले नाही.

हकिगत अशी. या गृहस्थांचा नातू अमेरिकेत ओहायो राज्यात शिकावयास आहे. त्याच्या बिऱ्हाडातील सोबत्याने काचेच्या पेटीत एक साप पाळला होता. सोबती शिक्षण अर्धवट टाकून निघून गेला. साप मागे राहिला. साप बिनविषारी. बॉल पायथन नावाचा आफ्रिकेतील लहानसा अजगर तो. भ्याला की डोके आत घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसतो, म्हणून हे नाव. आफ्रिकेत बेनिन देशातील वीदा गावी या सापांचे देऊळ आहे आणि तेथील लोक त्यांस पूज्य मानतात. अमेरिकेत मात्र तो दुकानात विकत मिळतो. ही जात धडधाकट असता काही महिने उपाशी राहू शकते. पण या बिचाऱ्याची उपासमार त्याच्याही पलीकडे गेली होती. कणा घराच्या आढ्यासारखा वर आलेला, कातडीला सैल घड्या पडलेल्या. नातवाने उभ्या जन्मात सापाला हात लावला नव्हता. त्याने घरी फोन केला, "आजोबा, हा मरतोय हो. काय देऊ याला?"

आजोबा म्हणाले, "अरे, नागोबाला दूध देतात. वाटी ठेव पुढं."

येथे पहिली चूक झाली, आणि ती आपणां सर्वांची आहे. दूध हे सापाचे अन्न नव्हे, ते त्याला पचत नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पिताना दिसतो, कारण त्याला आधी कित्येक दिवस तहानेने कोरडा ठेवलेला असतो. पाणी समजून तो ते पितो. आपण हात जोडतो, पैसा टाकतो, पुण्य पदरी पडले म्हणून घरी येतो. आणि तो मुका जीव पुढे कोठेतरी मरतो. येथे दयेत खोट नाही, पण ज्याच्यावर दया करावयाची त्याची साधी चौकशीही आम्ही केलेली नसते.

नातू शिकलेला. दूध चालत नाही हे त्याला कळले. मांस मात्र द्यावे लागणार, हे आजोबांना कसे सांगावे म्हणून तो दोन दिवस घुटमळला. शेवटी न विचारताच दुकानातून गोठवलेला मेलेला उंदीर घेऊन आला. इतके दिवसांचा उपाशी आहे, पोटभर खाऊ दे, म्हणून त्याने मोठ्यात मोठा निवडला. सापाने तो झटकन गिळला. पोराला समाधान वाटले. तिसऱ्या दिवशी सापाने सगळे ओकून टाकले, आणि तो आधीपेक्षाही गळून पडला.

ही दुसरी चूक. आजोबांच्या दयेत माहिती नव्हती, तर नातवाच्या दयेत धीर नव्हता. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला नीट समजावले. सापाचे अंग स्वतः ऊब निर्माण करीत नाही. त्याचा जठराग्नी बाहेरून पेटवावा लागतो. पेटीची एक बाजू ३२ अंशांच्या आसपास उबदार ठेवावी, दुसरी थोडी थंड. त्याला वाटेल तिकडे तो जाईल. दडावयास जागा द्यावी, स्वच्छ पाणी ठेवावे. ओकला आहे, तेव्हा दोन आठवडे अन्नाचे नाव काढू नये. पुढे अगदी लहान उंदराचे पिल्लू, आणि तेही सात-आठ दिवसांतून एकदा. पचले असे दिसले तरच पुढचे थोडे मोठे. आणि मुख्य म्हणजे त्याला सारखे उचलून पाहू नये.

हे ऐकून आम्हांस नवल वाटले नाही. एकादशीचा निर्जळी उपास करणारी आमची म्हातारी माणसे द्वादशीला पारणे कसे सोडतात? ताटावर तुटून पडत नाहीत. तापातून उठलेल्या पोराला आई आधी पेज देते, मग मऊ भात, मग भाकरी. उपाशी पोट रिकामे असते एवढेच नव्हे, ते दुबळेही झालेले असते. अजगराचे तर आतडेच उपासात आक्रसते आणि अन्न मिळाल्यावर पुन्हा वाढते. १९४५ साली जर्मनीतील बेर्गन-बेल्सन येथील छळछावणी इंग्रज फौजेने मोकळी केली. तेथील हाडांचे सापळे झालेली माणसे पाहून शिपायांनी कळवळ्याने आपला शिधा त्यांना दिला. ते जड अन्न न सोसून त्यांतील कित्येक दगावले. त्या शिपायांच्या मनात करुणेशिवाय काय होते? म्हणून आम्ही म्हणतो, औषधाला जसे पथ्य असते तसे दयेलाही असते. देणाऱ्याच्या मनाला कधी बरे वाटेल यावर दानाचे माप ठरवू नये; घेणाऱ्याला किती सोसेल यावर ठरवावे. नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतील पाणी पाजले ही कथा आपण नेहमी ऐकतो. त्या घटकेला त्याला जे हवे होते, तेच नाथांनी दिले.

पण खरी शंका अजून राहिलीच आहे. आजोबांना उंदराचे कळले तेव्हा ते आमच्याकडे आले. म्हणाले, "महाराज, एक साप वाचवायला पोरगं दर आठवड्याला एक उंदीर घालतंय. वर्षाला पन्नास झाले. ही दया कसली? माझ्या गळ्यात माळ आहे. मी त्याला काय सांगू?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्या कोणाला साप देऊन टाकावा, तर उंदीर मरावयाचे थांबत नाहीत, फक्त आपले डोळे मिटतात. बाहेर सोडून द्यावा, तर ओहायोच्या हिवाळ्यात तो मरेल. पेटीतच उपाशी ठेवावा, तर ती हत्या आपली. रानातला साप उंदीर खातो, त्याचा दोष कोणी त्याला लावीत नाही. त्याचा देहच तसा घडला आहे. दोष कोठे असेल तर पेटीत आहे. रानातला जीव हौसेखातर पेटीत घातला, त्या घटकेपासून त्याची भूक माणसाच्या हिशेबी आली. ती हौस सोबत्याची होती, हे खरे. परंतु दाराशी आलेले उपाशी मूल कोणाचे हे विचारत बसून आपण भाकरी अडवून धरीत नाही.

म्हणून आम्ही आजोबांना म्हटले, "नातवाला सांगा, त्याला जगवावे. जिवंत उंदीर पेटीत सोडू नये. त्याने उंदराचा छळ होतो आणि उंदीर सापालाही चावतो. गरजेपेक्षा एकही जास्त घालू नये. आणि याला पुण्य म्हणू नये. दुसऱ्याचे कर्ज आपल्या अंगावर आले आणि ते फेडतो आहोत, एवढेच म्हणावे. हा जाईल तेव्हा दुसरा आणू नये."

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पाप आहेच?"

आम्ही म्हटले, "थोडे आहेच. ते नाही असे सांगितले तर तुमचे मन हलके होईल, पण आम्ही खोटे बोललो असे होईल."

उत्तर पुरे पडले असे आम्ही म्हणत नाही. पन्नास उंदीर एका बाजूला आणि एक साप दुसऱ्या बाजूला, असा ताजवा आमच्याजवळ नाही. परंतु ज्याला आपल्या दयेची किंमत कोण मोजतो हे दिसत असते, तो दया जपून करतो, एवढे मात्र खात्रीने सांगवते.

साप जगला. स्वयंपाकघरातील काट्यावर दर आठवड्याला त्याचे वजन होई. आरंभी ६१० ग्रॅम होते, पाच महिन्यांनी ९०० च्या वर गेले. आजोबांनी एकदा विचारले, "ओळखतो का रे तुला?" नातू म्हणाला, "नाही आजोबा. जवळ गेलो की अजूनही चेंडू होतो." आजोबा हसले. म्हणाले, "असू दे. करतोस ना, बस झालं."

असो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप धरणे व पाळणे हा गुन्हा आहे. तेव्हा येत्या नागपंचमीला दारी टोपली आली तर वाटी पुढे करू नका. वनखात्याला कळवा. टोपलीतल्या त्या उपाशी जीवाला आपल्या दुधापेक्षा त्याचाच अधिक उपयोग आहे.