नाव पुन्हा का विचारायचे?



गेल्या महिन्यात आपल्यातील एका आईने आम्हांला मिस्सानंतर थांबवले. त्यांची मुलगी लग्नानंतर शिकागोजवळ राहते. मुले शाळेत जाऊ लागल्यावर तिने तिथल्या कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगचा वर्षभराचा कोर्स धरला आहे. "फादर, तिला एका प्रात्यक्षिकात नापास केलं," आई म्हणाल्या, "आणि कारण काय, तर म्हाताऱ्याला गोळी देताना नाव विचारलं नाही! तीन आठवडे ती त्याचं सगळं करतेय. तिला काय तो माहीत नाही?"

आम्हांला तेव्हा उत्तर सुचले नाही. नंतर त्या मुलीशी फोनवर बोललो.

हे शिक्षण लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्सचे, म्हणजे एलपीएनचे. रजिस्टर्ड नर्सच्या किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती काम करते, पुष्कळदा वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये. (आई 'नुसती एलपीएन' म्हणाल्या. त्या 'नुसती'वर पुन्हा कधीतरी बोलू.) आधी कॉलेजच्या लॅबमध्ये पुतळ्यावर हात बसवायचा, मग शिक्षिकेच्या नजरेखाली खरे रुग्ण. शेवटी संगणकावरची एनसीएलईएक्स-पीएन ही परीक्षा. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय लायसन्स नाही.

औषध देताना पाच गोष्टी बरोबर हव्यात, असे तिथे पाठ करून घेतात: रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ. रुग्ण पहिला. त्याची ओळख दोन खुणांनी पटवायची, बहुधा नाव आणि जन्मतारीख. खोलीचा नंबर चालत नाही, कारण माणसे खाटा बदलतात. "तुम्ही अमुक ना?" असेही विचारायचे नाही. अर्धवट झोपेतला किंवा विसराळू झालेला माणूस कशालाही मान डोलावतो. "तुमचं नाव काय?" असेच विचारायचे. सांगता येत नसेल तर मनगटावरची पट्टी किंवा फाईलमधला फोटो पाहायचा.

आपल्याला हे कोरडे वाटते. आपल्या माणसाला कोणी नाव विचारते का? प्रेम म्हणजे न विचारता ओळखणे, अशी आपली समजूत आहे. पण चूक होते ती नेमकी 'मला माहीत आहे' या जागी. अनोळखी माणसापाशी आपण सावध असतो, ओळखीच्या माणसापाशी हात आपोआप चालतो. अमेरिकेत 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालाने तिथल्या हॉस्पिटलांत वैद्यकीय चुकांमुळे वर्षाला 44,000 ते 98,000 माणसे दगावत असावीत असा अंदाज मांडला होता. त्या चुका करणारे सगळे काही निर्दय नव्हते.

सेमिनरीत आम्ही अरिस्टॉटल शिकलो. न्यायाची कृत्ये करत करतच माणूस न्यायी होतो, असे त्याचे म्हणणे. तेव्हा आम्हांला ते उलटे वाटे. आधी मनात चांगुलपणा, मग कृती, नाही का? पण रात्रपाळीच्या शेवटी, पाय दुखत असताना मनात चांगुलपणा किती उरतो? तेव्हा रुग्णाला सांभाळते ती सवय.

हे आम्ही मोठेपणाने सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका आजाऱ्याच्या खाटेशी आम्ही डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली, आणि नाव घेतले त्याच्या मोठ्या भावाचे. "फादर, तो गेला. मी धाकटा," तो म्हणाला. त्या घरी आमचे जाणेयेणे होते, म्हणूनच आम्ही विचारले नव्हते.

दुसरी बाजूही आहे. नाव विचारणारी नर्स ट्रेकडेच पाहत असेल तर? प्रश्न झाला, खूण झाली, माणूस राहिलाच. सवयीचा हा धोका खरा आहे, आणि त्यावर नियम सापडेल असे आम्हांला वाटत नाही. तरीही बेफिकीर प्रेम आणि थकलेली सवय यांतून गोळी कोणाच्या हातून घ्यायची असे कोणी विचारले, तर आम्ही सवयीचा हात निवडू.

त्या आईंना आम्ही एवढेच विचारले, घरी साहेबांच्या गोळ्या कोण देते? "मीच. पांढरी सकाळी, गुलाबी रात्री." आणि दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली, रंग बदलला तर? त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

मुलीने पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिक पुन्हा दिले. म्हातारबुवा वैतागले, "कालपर्यंत तर तुला माझं नाव ठाऊक होतं!" मग एकेक अक्षर सुटे करून त्यांनी ते सांगितले, जन्मतारखेसकट, आणि गोळीसाठी हात पुढे केला.