कोऱ्या कागदासमोर

परीक्षा तोंडावर आल्या की कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. मागच्या पाच वर्षांचे पेपर, हुशार मुलीच्या वहीच्या प्रती, ‘अपेक्षित’ प्रश्न. मग खोलीवर जाऊन त्या प्रतींवर पिवळ्या-हिरव्या रेघा मारायच्या, तेच पान तीन-तीनदा वाचायचं आणि ‘हे युनिट झालं’ म्हणून पुढं सरकायचं.

मजकूर ओळखीचा वाटू लागला की तो आपल्याला आला असं मन सांगतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटानं तो एकदाच अभ्यासला आणि नंतर तीनदा, उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढं कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पहिला गट पुढे होता. आठवड्यानंतर मात्र त्याला सुमारे ४० टक्के आठवलं, दुसऱ्याला ६१ टक्के. आणि आपल्या लक्षात राहील याची खात्री जास्त होती ती पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांनाच! मला अस्वस्थ करते ती ही खात्री. पुस्तक मिटून कोऱ्या कागदासमोर बसलं की आपल्याला काय येत नाही हे उघडं पडतं. ते कुणालाच सुखाचं नसतं, म्हणून आपण पुन्हा पुस्तक उघडतो. अभ्यासातला प्रामाणिकपणा पणाला लागतो तो इथं. परीक्षा हॉलमधल्या कॉपीवर आपण खूप बोलतो, या क्षणाबद्दल कुणी बोलत नाही.

हीच पळवाट ड्रॉइंगच्या शीटमध्येही असते. इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये ‘जीटी मारणं’ सगळ्यांना ठाऊक असतं. काचेखाली बल्ब लावायचा, वर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि दिसतील त्या रेघा गिरवायच्या. शीट देखणी होते, सबमिशन वेळेत होतं. पण समोरच्या वस्तूची बाजूची आकृती डोक्यात फिरवून बघण्याची जी सवय त्या शीटनं लावायची होती, ती लागतच नाही. उद्या याच मुलांनी काढलेल्या नकाशांवर माणसं घरं बांधणार आहेत.

‘सर, पुस्तक मिटून लिहीत बसायला एवढा वेळ कुणाकडं आहे?’ असं मुलं विचारतात. प्रश्न रास्त आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात रुजवलेली ‘कमवा आणि शिका’ ही वाट आजही हजारो मुलं चालतात. कुणी ग्रंथालयात काम करून शिकतं, कुणी रात्रपाळी करून. त्यांच्यासाठी तर तेच पान चौथ्यांदा वाचणं सर्वांत महागडं. त्यापेक्षा तास संपला की दहा मिनिटं वही न बघता लिहावं, चार दिवसांनी पुन्हा लिहून पाहावं आणि अडलं तेवढंच वाचावं. अडलेलं सरांना विचारायची लाज वाटत असेल तर आधी मित्राला समजावून सांगून बघावं. गाडी कुठं अडते ते तिथंच कळतं.

शिक्षकांनाही यातून सुटका नाही. न वाचता जर्नलवर सही केली की गिरवलेलं चालतं हे मूल आपल्याकडूनच शिकतं. सही करण्याआधी जर्नल मिटून एवढंच विचारावं, हा आलेख इथं का वळला? उत्तर आलं नाही तर सही न करता दोन दिवसांनी परत बोलवावं, आणि त्या दोन दिवसांत शिकवायची तयारी आपण ठेवावी.