काम संपलेल्या वस्तूचे मोल

काम संपलेल्या वस्तूला मोल उरते का? जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्स (१८८७–१९४८) याने हा प्रश्न ग्रंथ लिहून सोडवला नाही. तो डिंक आणि खिळे घेऊन बसला. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला तेव्हा चलनापासून राजसत्तेपर्यंत सगळ्यांचीच पत गेली होती. त्या पडझडीत, १९१९च्या सुमारास, श्विटर्स हॅनोव्हरच्या रस्त्यांवर सापडणारी ट्रामची तिकिटे, वर्तमानपत्रांचे कपटे, तारा, मोडकी चाके फलकावर जडवू लागला. बँकेच्या एका फाटक्या जाहिरातीतून उरलेली ‘मेर्झ’ ही अक्षरे त्याने या साऱ्या कामाला नाव म्हणून दिली. चित्राला रंग जसा चालतो तशी चिंधीही चालते, तुकड्याचे मोल त्याच्या शेजारावरून ठरते, अशी त्याची भूमिका होती.

इथे एक अडचण आहे. मोल शेजारावरून ठरत असेल, तर शेजार ठरवणारा चित्रकारच ते देतो. वस्तूचे स्वतःचे असे काही राहत नाही. प्रत्यक्ष चित्रे मात्र याला पुरती बधत नाहीत. तिकिटावरचे छापील आकडे वाचता येतात. त्यावर कोणीतरी प्रवास केला होता, हे रंगाच्या पट्ट्यांत बसूनही पुसले जात नाही.

नाझी राजवटीमुळे श्विटर्स १९३७ मध्ये नॉर्वेला आणि १९४० मध्ये तिथून ब्रिटनला गेला. हॅनोव्हरच्या घरात वर्षानुवर्षे रचलेली त्याची ‘मेर्झबाउ’ ही रचना १९४३च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. शहर सुटले, आणि हाताशी आले ते इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधले डोंगर. १९४७ मध्ये एल्टरवॉटर इथल्या एका दगडी कोठाराची भिंत त्याने घेतली आणि प्लास्टरमध्ये गोटे, काटक्या, झारीचे तोंड, रबरी चेंडू असे काय काय बसवले. झारी कामातून गेलेली. गोट्याला मुळात काम नव्हतेच, त्यामुळे तो टाकाऊही नव्हता. तरी प्लास्टरच्या लेपाखाली दोघांची जात चटकन ओळखू येत नाही.

गीतेतला योगी माती, दगड आणि सोने सारखे मानतो, कारण त्याला त्यातले काहीच नको असते. श्विटर्स त्याच समतेला उलट्या वाटेने पोचला: त्याला सगळेच हवे होते. ही हाव वैराग्याहून हलकी समजण्याचे कारण नाही. गोट्याकडे नीट पाहायला लावण्यात ती वैराग्यापेक्षा जास्त कामाची ठरते.

८ जानेवारी १९४८ रोजी श्विटर्सचे निधन झाले. भिंत अपुरीच राहिली. १९६५ मध्ये ती काढून न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत नेण्यात आली. ती टिकली ती त्यामुळेच. पण श्विटर्सचाच शेजाराचा नियम लावायचा तर कोठाराबाहेर आलेली भिंत पूर्वीची कलाकृती राहत नाही. संग्रहालयाच्या रचनेत बसवलेला तो एक सापडलेला तुकडा ठरतो.