धरावे की मारावे

मराठीत एक वाक्प्रचार आहे, ज्याच्या पोटात अख्खा खून दडलेला आहे. कुणी कागदाचा किंवा बोलण्याचा अर्थ फिरवला की आपण म्हणतो, त्याने ‘ध’चा ‘मा’ केला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. राघोबादादांनी नुसतं ‘धरावे’ असं लिहिलं होतं, आनंदीबाईंनी अक्षर बदललं आणि त्याचं ‘मारावे’ झालं, ही गोष्ट आपण शाळेत जायच्या आधीच ऐकलेली असते. ती चिठ्ठी आजवर कुणी दाखवलेली नाही. इतिहासकारांनी शंका घेऊन झाल्या, तरी गोष्ट जागची हलली नाही. हलणार कशी? तिच्यात सगळं एका अक्षरात बसतं. काका अर्धा निर्दोष सुटतो आणि दोष बाईच्या पदरात पडतो. थकलेल्या पगाराच्या निमित्ताने वाड्यात शिरलेले गारदी, ढिसाळ पहारा, वर्षानुवर्षांची भाऊबंदकी हा सगळा चिखल कुणाला तुडवावा लागत नाही.

हा अक्षरबदल मला भलत्याच ठिकाणी पुन्हा भेटला, गांधीहत्येच्या चौकशीचा कपूर आयोगाचा अहवाल वाचताना.

२० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला हाउसच्या भिंतीपाशी स्फोट झाला आणि मदनलाल पाहवा जागच्या जागी सापडला. बेत प्रार्थनेच्या वेळी गांधीजींना मारण्याचा होता आणि तो पुरता फसला होता. शस्त्रांचा व्यापार करणारा पुण्याचा दिगंबर बडगे मागच्या नोकरांच्या खोलीतून हल्ला करणार होता. ऐन वेळी आत शिरलो तर अडकू, असं वाटून तो मागे फिरला. बाकीचे पांगले. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे ज्या मरिना हॉटेलात ‘देशपांडे’ म्हणून उतरले होते, तिथे धुवायला टाकलेले कपडे मागेच राहिले. त्यांवर धोब्याच्या खुणेसाठी अक्षरं होती : एन. व्ही. जी.

मदनलालने पोलिसांना आपल्या साथीदाराचं, नगरचा हॉटेलवाला करकरे याचं, नाव सांगितलं. ‘अग्रणी’ नावाच्या मराठी पत्राचा संपादक सोबत होता, हेही सांगितलं. मुंबई प्रांतातल्या वृत्तपत्रांची सरकारी यादी होती. तिच्यात पत्राचं नाव, संपादक, मालक, गाव सगळं छापलेलं होतं. ती यादी उघडली असती तर पुणे, गोडसे आणि आपटे हे तिन्ही शब्द एका ओळीत मिळाले असते. यादी उघडली गेली नाही.

मुंबईत तपास जमशेद नगरवाला यांच्याकडे होता. अधिकारी हुशार. त्यांनी खबरे पेरले, सावरकर सदनावर पाळत ठेवली, आणि त्यांची खात्री पटली की हा गांधीजींना पळवून नेण्याचा डाव आहे. मोठी टोळी, पुष्कळ हत्यारं, बऱ्याच गावांत पसरलेले हात. हा तर्क त्यांनी ३० जानेवारीला हत्या होईपर्यंत सोडला नाही. म्हणजे कागदावर ‘मारावे’ लिहिलेलं होतं आणि पोलीस ‘धरावे’ वाचत होते. कपूर आयोगाने या अपहरणाच्या तर्कावर पानंच्या पानं खर्च केली आहेत आणि त्याला फारशी दयामाया दाखवलेली नाही.

खऱ्या कटाला आडवी गेली ती एक कटाचीच कल्पना, असं माझं वाचन आहे. पोलिसांच्या डोक्यातली टोळी मोठी आणि शिस्तबद्ध होती. खरे कटवाले मूठभर, घाबरट आणि विसरभोळे होते. नगरचा एक हॉटेलवाला, पुण्याचा एक संपादक, सरकारी नोकरीतला त्याचा धाकटा भाऊ, एक शस्त्रविक्या आणि त्याचा नोकर. अशा माणसांकडून राष्ट्रपित्याला धोका असेल, हे खात्याच्या मनातच येईना.

पुढे लाल किल्ल्यात न्यायाधीश आत्माचरण यांच्यासमोर खटला चालला, २७ मे १९४८ पासून. नथुरामने खून नाकारलाच नाही. त्याने नाकारला तो कट. आपण एकट्याने ठरवलं, एकट्याने केलं, इतरांचा संबंध नाही, हे तो निवेदनात सांगत राहिला. फाशीची शिक्षा झाल्यावर तो अपिलात गेला, तेही खुनाच्या शिक्षेविरुद्ध नाही. सिमल्याला उच्च न्यायालयापुढे त्याने स्वतः उभं राहून युक्तिवाद केला, तो कट नव्हताच हे पटवण्यासाठी. मारेकऱ्याला सोबती नको होते. त्याला आपली कृती एका माणसाच्या विवेकाची म्हणून इतिहासात जायला हवी होती, आणि कट म्हटलं की तिकिटं आली, हिशेब आले, उसनवार आली.

सरकारी बाजूने नेमके तेच हिशेब मांडले. विम्याच्या दोन पॉलिसी : १३ आणि १४ जानेवारीला नथुरामने एकीवर आपट्यांच्या पत्नीचं, दुसरीवर भावाच्या पत्नीचं नाव लावलं होतं. खोट्या नावांची विमानाची तिकिटं. ग्वाल्हेरहून मिळवलेलं बेरेट्टा पिस्तूल. माफीचा साक्षीदार झालेल्या बडगेची जबानी. १० फेब्रुवारी १९४९ ला सात जण दोषी ठरले. अपिलात त्यांतले दोघे सुटले, आणि १५ नोव्हेंबरला गोडसे-आपटे अंबाल्याला फाशी गेले. सावरकर विशेष न्यायालयातच निर्दोष ठरले होते, कारण माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला त्यांच्याबाबत स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही. आत्माचरण यांनी निकालात एक टोचरं वाक्यही घातलं : २० ते ३० जानेवारीच्या दरम्यान पोलिसांनी थोडी जरी तत्परता दाखवली असती, तर कदाचित ही घटना टळली असती, अशा आशयाचं.

न्यायालय असं एकेक नाव पारखत होतं. त्याच्या कितीतरी आधी, हत्येनंतरच्या पहिल्याच दिवसांत, आपल्याकडे रस्त्यावर दुसराच निवाडा होऊन गेला होता. मारेकरी पुण्याचा ब्राह्मण आहे एवढं रेडिओवरून, तोंडातोंडी पसरलं आणि कटाचं वर्तुळ एकदम एका जातीएवढं रुंदावलं. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात घरं जळाली. ज्यांना गोडसे हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं त्यांचीही जळाली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. जुनी वैरं, जमिनीची, सावकारीची, त्या आगीत शेकून निघाली. त्या घरांतल्या पुढच्या पिढ्यांनी या आठवणींतून वेगळीच कारस्थानं वाचली. आमच्या ओळखीच्या एका घरात गांधीजींचं नाव मोठ्याने घेत नसत. त्यांच्यावर राग होता म्हणून नाही. ते नाव निघालं की आजीला जळकं लाकूड दिसायचं.

आपल्या या खटल्याच्या शेजारी अमेरिकेतलं उलटं चित्र ठेवून पाहावं. केनेडींच्या मारेकऱ्याला, ऑस्वाल्डला, दोन दिवसांत पोलिसांच्या गराड्यात जॅक रूबीने गोळी घातली. खटला झालाच नाही. १९६४ मध्ये वॉरन आयोग म्हणाला, माणूस एकटा होता. लोकांना ते पटलेलं नव्हतं आणि पुढेही पटलं नाही. जनमताच्या पहिल्या चाचणीतच निम्म्याहून अधिक लोक ‘आणखी कुणीतरी होतं’ असं म्हणत होते. १९७९ मध्ये संसदेची समिती पोलिसांच्या ध्वनिमुद्रणाच्या आधारे म्हणाली, बहुधा कट होता. १९८२ मध्ये शास्त्रज्ञांनी तो आधारच मोडीत काढला. तिथे सरकार ‘एकटा’ म्हणतं आणि जनता ‘कट’ म्हणते. इथे सरकारने कट सिद्ध केला आणि ‘एकटा’ म्हणणारा खुनी स्वतः होता.

आणि त्या ‘एकट्या’चं पितळ उघडं पाडलं ते त्याच्याच भावाने. गोपाळ गोडसे ऑक्टोबर १९६४ मध्ये सुटून आले. त्यांच्या ‘गांधीहत्या आणि मी’ या पुस्तकावर सरकारने बंदी घातली आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ती उठवली. न्यायालयात नथुरामने जो कट नाकारला होता, तो तिथे घरच्या माणसाच्या लेखणीतून भेटतो. (शीर्षकात शब्द ‘हत्या’ आहे, ‘वध’ नाही. ‘वध’वाल्यांनी याची नोंद घेतलेली मला दिसली नाही.)

याच सुटकेनिमित्त नोव्हेंबर १९६४ मध्ये पुण्यात सत्यविनायकाची पूजा झाली. तिथे टिळकांचे नातू आणि ज्येष्ठ संपादक ग. वि. केतकर बोलून गेले की नथुरामचा विचार आपल्याला आधीच माहीत होता आणि आपण तो बाळूकाका कानिटकरांच्या कानावर घातला होता. संसदेत गदारोळ उठला. त्यातून आधी पाठक आणि नंतर न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा आयोग आला. १०१ साक्षीदार झाले, १९६९ मध्ये अहवाल आला.

माझ्या दृष्टीने कटाच्या कल्पनेचा खरा सांधा इथे बदलला. तोवर प्रश्न होता, कटात कोण होतं? आता झाला, माहीत कुणाला होतं? या प्रश्नाचं वर्तुळ फार मोठं निघालं. कानिटकरांनी १९४७ मध्येच मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांना पत्राने सावध केलं होतं. रुइया महाविद्यालयाचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांची पुस्तकं मदनलाल विकायचा. त्याने त्यांना बेत सांगून टाकला होता. जैन यांना ती पोराची बढाई वाटली. स्फोटाची बातमी वाचल्यावर ते धावत खेर आणि मोरारजी देसाईंकडे गेले. मोरारजींनी नगरवालांना सांगितलं. साखळीतल्या प्रत्येकाने पुढच्याला सांगितलं होतं, आणि प्रत्येकाला वाटलं की आपलं काम संपलं. कपूरांनी सावरकरांबद्दल एक शेराही मारला : सगळ्या गोष्टी एकत्र पाहता, सावरकर आणि त्यांच्या गटाने खुनाचा कट केला याखेरीज दुसरा तर्क उरत नाही. तेव्हा सावरकर हयात नव्हते, उत्तर देऊ शकत नव्हते, आणि निर्दोष सोडणारा निकाल कायम होता. हा शेरा आणि तो निकाल यांपैकी सोयीचा कागद उचलून आपल्याकडे आजही भांडणं होतात. दोन्ही कागद एकाच वेळी टेबलावर ठेवणारा माणूस विरळा.

त्या अहवालातून मोठ्या कारस्थानाची गोष्ट विणता येते : सरकारलाच गांधीजी नको होते, म्हणून पोलीस झोपले. ती विणलीही गेली. मला त्या पानांत झोप दिसते, पण झोपेचं सोंग दिसत नाही. स्फोटानंतर बिर्ला हाउसवरचे पोलीस वाढवले गेले होते. येणाऱ्यांची झडती घ्यायला गांधीजींनीच नकार दिला. सोंग घेणाऱ्यावर रागावता तरी येतं. नुसत्या झोपलेल्याचं काय करायचं, हे कळत नाही म्हणून माणूस कारस्थान शोधतो.

सगळ्यात नवी आवृत्ती म्हणजे चौथी गोळी. २०१७ मध्ये अभिनव भारतचे पंकज फडणीस सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं, गोळ्या तीन नव्हत्या, चार होत्या. चौथी दुसऱ्या कुणाची होती, आणि धागा ब्रिटिशांच्या गुप्त दलापर्यंत जातो. आधार काय, तर तेव्हाच्या काही बातम्यांतला चारचा आकडा आणि एक छायाचित्र. शवविच्छेदन झालं नव्हतं, हे खरं आहे. त्या फटीतून चौथी गोळी आत शिरली. न्यायालयाने अमरेंद्र शरण यांना मदतीला नेमलं. त्यांनी जुने कागद चाळून सांगितलं की फेरतपास करावा असं काही नाही. मार्च २०१८ मध्ये याचिका फेटाळली गेली. म्हणजे नथुरामला कट नको होता, आणि सत्तर वर्षांनी त्याच्या बाजूने हळवे असणाऱ्यांनाच तो हवासा झाला, फक्त दुसऱ्याचा.

गेल्या पावसाळ्यात शनिवारवाड्यासमोर चहा घेताना एका जुन्या मित्राने विचारलं, “ते सगळं असू दे रे, चौथ्या गोळीचं काय?” मी त्याला आगगाडीची गोष्ट सांगायला घेतली. पुण्याच्या गुन्हे अन्वेषण खात्याचे उपमहानिरीक्षक राणा तेव्हा योगायोगाने दिल्लीत होते. २५ जानेवारीला मदनलालची सविस्तर जबानी त्यांच्या हातात दिली गेली. ते विमानाने निघाले नाहीत. गाडीने निघाले, तीही अलाहाबादवरून जाणाऱ्या लांबच्या वाटेने. २७ तारखेला जबानी मुंबईत पोचली. त्याच दिवशी सकाळी सांताक्रूझहून दिल्लीचं विमान सुटलं होतं आणि त्यात ‘डी. नारायणराव’ आणि ‘एन. विनायकराव’ या नावांचे दोन प्रवासी होते.